संस्थानिकांच्या दानाला दिशा देणारे भातखंडे

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची ओळख थाटपद्धती आणि स्वरलिपीपुरती सांगितली जाते. संगीतासाठी द्रव्य कोणाकडून मागावे, कशासाठी मागावे आणि मिळाल्यावर ते कोठे लावावे, याचाही त्यांनी आयुष्यभर विचार केला. ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय हे त्या विचाराचे फळ होय.

१० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईतील वाळकेश्वर येथे त्यांचा जन्म झाला. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली केली. मात्र पत्नी आणि पाठोपाठ एकुलती कन्या निवर्तल्यावर मन संगीताकडेच वळले. देशभर भ्रमण करून त्यांनी ग्रंथ धुंडाळले, उस्तादांकडून चिजा मिळवल्या. १९१०मध्ये ‘चतुर पंडित’ या नावाने ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ प्रसिद्ध केले.

संस्थानिक गवयांना पोसत होते, बिदागी आणि शालजोडीही देत होते. पण गवई गेला की त्याची विद्या त्याच्याबरोबर जाई. हा खर्च व्यक्तीवर न होता शाळेवर व्हावा, असा भातखंडे यांचा आग्रह होता. १९१६मध्ये बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही याच धोरणातून.

ग्वाल्हेर ही हद्दू खाँ, हस्सू खाँ आणि नत्थू खाँ यांची ख्यालभूमी. तेथे माधवराव शिंदे यांना भातखंडे यांची योजना पटली. दरबाराने राजाभैया पूछवाले यांच्यासह काही गायकांना नवी पद्धती शिकण्यासाठी मुंबईस भातखंडे यांच्याकडे पाठवले आणि १९१८मध्ये महाविद्यालय सुरू झाले. इमारतीआधी शिक्षक घडवण्यावर पैसा लागला, हा क्रम दूरदृष्टीचा होता. घराणेदार गायकी कागदावरील चिन्हांत मावत नाही, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही. त्याच शहरात कृष्णराव शंकर पंडित यांनी १९१४पासूनच आपले स्वतंत्र विद्यालय चालवले होते.

समकालीन विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा मार्ग निराळा. तिकिटाच्या मैफली, लोकवर्गणी आणि कर्ज यांवर त्यांनी गांधर्व महाविद्यालय उभारले; अखेर मुंबईची वास्तू कर्जापोटी लिलावात गेली. राजाश्रयात तो धोका नव्हता, दुसरा होता. सारे एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून असे. दिल्लीत राष्ट्रीय संगीत अकादमी व्हावी, हा भातखंडे यांचा मोठा मनोरथ. रामपूरच्या नवाबांसह अनेकांपुढे तो मांडला गेला. परिषदांत त्याची चर्चा झाली, पण अकादमी उभी राहिली नाही. उलट १९२५मध्ये माधवराव पॅरिसमध्ये निवर्तले, तरी ग्वाल्हेरचे महाविद्यालय बंद पडले नाही. तोवर शिकवणारी पिढी तयार झाली होती आणि राजाभैया पूछवाले यांनी पुढे प्राचार्यपदही सांभाळले.

लखनौत राय उमानाथ बली यांच्या साहाय्याने १९२६मध्ये आणखी एक महाविद्यालय स्थापन झाले. गव्हर्नर मॅरिस यांचे नाव त्यास देण्यात आले. शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी ते नावारूपास आणले.

अखेरची तीन वर्षे भातखंडे अंथरुणाला खिळून होते. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीस, त्यांचे निधन झाले. लखनौच्या महाविद्यालयाला पुढे त्यांचेच नाव मिळाले. ग्वाल्हेरचे मात्र माधवरावांच्याच नावाने ओळखले जाते.