प्लेगचे नाव प्रथम उच्चारणारा गोमंतकीय : डॉ. अकासिओ व्हिएगस

मुंबईच्या धोबी तलाव परिसरात, मेट्रो चित्रपटगृहासमोर, एका डॉक्टरचा पुतळा उभा आहे. बोटीवरच्या नोकरीसाठी गोव्याहून मुंबईत उतरणाऱ्या खलाशांच्या कित्येक पिढ्यांनी याच परिसरातील, आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या कुडांमध्ये मुक्काम केला. त्यांपैकी अनेकांच्या नजरेखालून हा पुतळा रोज गेला असेल. तो बार्देशातील हडफडे या गावी जन्मलेल्या डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांचा आहे. 1896 साली मुंबईत पसरू लागलेल्या तापाचे खरे नाव पालिकेच्या सभेत सर्वप्रथम त्यांनी सांगितले. परिचर्येचे शिक्षण घेणारे विद्यार्थी आज आरोग्य आणि रोग यांच्या ज्या मूलभूत संकल्पना पहिल्या वर्षी शिकतात, त्या जवळजवळ सगळ्या या एका आयुष्याच्या ओघात भेटतात.

हडफडे ते ग्रँट मेडिकल कॉलेज

व्हिएगस यांचा जन्म 1 एप्रिल 1856 रोजी झाला. त्या काळातील गोव्याला साथीच्या रोगांची ओळख नव्याने करून देण्याची आवश्यकता नव्हती. एकेकाळी पूर्वेचे वैभव म्हणून गाजलेले जुने गोवे शहर पटकी, हिवताप आणि दूषित पाणी यांनी पोखरून ओस पाडले होते आणि राजधानी पणजीला हलवावी लागली होती. पटकीचे सविस्तर वर्णन गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात करून ठेवले होते. 1842 पासून पणजीत वैद्यकीय शाळाही चालू होती. तरीही मुंबईची ओढ मोठी होती. मूळचे पेडण्यातील मांद्रे गावचे डॉ. भाऊ दाजी लाड ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक होते. व्हिएगस यांनीही त्याच महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि 1880 साली वैद्यकीय पदवी मिळवली. पुढे त्यांनी मांडवी भागात व्यवसाय सुरू केला. 1888 पासून ते मुंबई पालिकेच्या कारभारातही आले.

त्यांनी निवडलेली वस्ती महत्त्वाची ठरली. मांडवी म्हणजे बंदरालगतचा व्यापारी भाग. धान्याच्या वखारी आणि त्यांच्या माथ्यावर व आजूबाजूला माणसांनी खचाखच भरलेल्या चाळी हे तिथले चित्र. हवा आणि उजेड कमी, गटारे तुंबलेली, आणि धान्यावर पोसलेल्या उंदरांची संख्या अमाप. 1891 च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या घरात होती. गिरण्यांच्या आणि गोदीच्या कामासाठी आलेल्या माणसांना शहराने काम दिले होते. राहण्याजोगी जागा मात्र दिली नव्हती.

गाठ, ताप आणि निदान

1896 च्या पावसाळ्याच्या अखेरीस मांडवीत एक विचित्र ताप पसरू लागला. एकाएकी जोराची हुडहुडी भरून ताप चढे, डोके दुखे, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागे, आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ उठे. अनेक रुग्ण चारपाच दिवसांत दगावत. वखारींतून मेलेले उंदीरही आढळू लागले होते. पावसाळा सरताना मुंबईत तापाचे रुग्ण वाढणे ही नेहमीचीच गोष्ट असल्याने या तापाकडे प्रथम कोणी वेगळ्या नजरेने पाहिले नाही.

सप्टेंबरच्या मध्यास तपासलेल्या रुग्णांच्या लक्षणांचा व्हिएगस यांनी एकत्रित विचार केला. एकाच वस्तीत, एकाच सुमारास, एकाच प्रकारची गाठ आणि एकाच गतीने येणारा मृत्यू हा योगायोग असू शकत नाही, या निष्कर्षाला ते आले. लक्षण आणि निदान यांतील भेद येथे नेमका दिसतो. ताप हे लक्षण होते; तो शेकडो कारणांनी येतो. ताप, गाठ, वस्ती आणि काळ यांचा मेळ घातल्यावर जे हाती आले ते निदान. 23 सप्टेंबर 1896 रोजी पालिकेच्या स्थायी समितीत व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे सांगितले.

हे शब्द उच्चारणे सोपे नव्हते. प्लेग म्हणजे युरोपच्या स्मृतीत रुतून बसलेला काळा मृत्यू. मुंबई हे साम्राज्याचे मोठे बंदर. इथे प्लेग आहे असे जाहीर होणे म्हणजे जगभरच्या बंदरांनी मुंबईच्या जहाजांना दार लावणे, कापसाचा आणि धान्याचा व्यापार थांबणे आणि शहरात घबराट पसरणे. साहजिकच या निदानावर शंका घेतल्या गेल्या, काहींनी टीका केली, आणि अधिकाऱ्यांच्या बोलण्यात काही काळ संदिग्ध ताप अशी सौम्य भाषा कायम राहिली. मात्र रोगाचे नाव लपवले म्हणून रोग थांबत नाही; थांबते ती फक्त त्यावरची उपाययोजना.

सूक्ष्मदर्शकाची साक्ष

व्हिएगस यांच्या निदानाला शास्त्रीय पुरावा देण्याइतके ज्ञान तेव्हा नुकतेच उपलब्ध झाले होते. 1894 साली हाँगकाँगच्या साथीत अलेक्सांद्र यर्सिन यांनी प्लेगचा जंतू शोधला होता. कोलकात्यात पटकीच्या लशीचे काम करणारे वाल्डेमार हाफकिन यांना सरकारने मुंबईला पाठवले आणि ऑक्टोबर 1896 मध्ये ते येथे पोहोचले. रुग्णांच्या गाठींतील द्रवात तोच जंतू दिसला. इतर तज्ज्ञांनीही तपासणी केली आणि व्हिएगस यांचे म्हणणे खरे ठरले.

रोग होण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात असे आज परिचर्येच्या पुस्तकात शिकवले जाते: रोगकारक, त्याला आश्रय देणारे शरीर, आणि त्या दोघांना भेटवणारा परिसर. मांडवीत हे तिन्ही घटक होते. जंतू होता, कमी पोषणाची आणि दाटीने राहणारी माणसे होती, आणि उंदरांनी भरलेला परिसर होता. मात्र जंतू उंदराकडून माणसाकडे कसा येतो हे 1896 साली कोणालाच ठाऊक नव्हते. 1898 साली कराचीत पॉल-लुई सिमोंद यांनी उंदरावरील पिसू हा तो दुवा असल्याचे प्रयोगाने दाखवले. त्यावरही बरीच वर्षे विश्वास ठेवला गेला नाही. 1905 नंतर मुंबईतच झालेल्या संशोधनाने ते पक्के झाले.

या अज्ञानाची किंमत मोठी होती. व्हिएगस यांनी वस्त्यांची सफाई आणि उंदरांचा नायनाट यांचा आग्रह धरला, आणि तो योग्य दिशेचा होता. पालिकेची यंत्रणा मात्र प्रामुख्याने घाणीशी लढत राहिली. गटारांत जंतुनाशके ओतली गेली, भिंतींना चुना लागला, कौले काढून घरांत ऊन सोडले गेले, रुग्णांचे सामान जाळले गेले. घाण कमी होणे केव्हाही हिताचेच. परंतु उंदीर एका घरातून दुसऱ्या घरात जात राहिले आणि पिसवाही त्यांच्याबरोबर गेल्या.

सक्ती आणि विश्वास

संसर्ग झालेल्या माणसाला इतरांपासून वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण, आणि संसर्गाची शक्यता असलेल्या निरोगी माणसाला काही काळ थांबवून ठेवणे म्हणजे क्वारंटाइन. या दोन्ही गोष्टी मुंबईत सक्तीने झाल्या. घरांची झडती घेतली जाई आणि रुग्णाला आर्थर रोडच्या रुग्णालयात हलवले जाई. तिथून माणूस परत येत नाही, अशी समजूत पसरली. स्त्रियांना परक्या पुरुषांनी तपासणे, मृतदेहाचे संस्कार न होणे, जातीचे नियम मोडणे, या सगळ्यांची भीती रोगाच्या भीतीहून मोठी झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला आणि पालिकेला काही काळ सक्ती सैल करावी लागली.

लोक रुग्ण लपवू लागले. ज्यांना शक्य होते त्यांनी शहर सोडले. 1897 च्या सुरुवातीस जवळपास निम्मी मुंबई रिकामी झाली होती, आणि रेल्वेने, बोटीने व पायी गेलेल्या माणसांबरोबर रोग इतर शहरांत व गावांत पोहोचला. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग प्रतिबंधक कायदा आला. पुण्यात त्याची अंमलबजावणी लष्कराच्या मदतीने इतक्या कठोरपणे झाली की 22 जून 1897 रोजी प्लेग समितीचे प्रमुख रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्याच पुण्यात 10 मार्च रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने गेल्या होत्या. एकाच रोगाशी वागण्याच्या दोन टोकांच्या या पद्धती त्या शहराने काही महिन्यांच्या अंतराने पाहिल्या.

मुंबईत पुढे निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये उभी केली. आपल्या भाषेत बोलणारी, आपले रीतिरिवाज जाणणारी माणसे दिसू लागल्यावर रुग्ण आपणहून येण्याचे प्रमाण वाढले. उपचार फारसा बदलला नव्हता, कारण प्लेगवर तेव्हा खात्रीचे औषधच नव्हते. बदलली होती ती परिचर्या.

18 हजार माणसे

दरम्यान हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लस म्हणजे उपचार नव्हे, ती निरोगी माणसाला दिली जाणारी पूर्वतयारी होय, हे लोकांना समजावणे लस बनवण्याइतकेच अवघड होते. जिवंत आणि धडधाकट माणसाने रोगाचे विष अंगात का घ्यावे, हा प्रश्न स्वाभाविक होता. लस टोचल्यावर ताप येई आणि दंड सुजे. त्यामुळे अफवांना बळ मिळे.

येथे व्हिएगस यांचे काम पुन्हा पुढे आले. सुमारे 18 हजार लोकांना त्यांनी स्वतः लस टोचल्याची नोंद मिळते. हा आकडा त्या काळाच्या संदर्भात वाचायला हवा. सरकारी पथक दाराशी आल्यावर जी माणसे मागच्या दाराने पळत, त्यांच्यातील हजारो जण या डॉक्टरपुढे दंड पुढे करत होते. वस्तीत अनेक वर्षे व्यवसाय केलेला, ओळखीचा डॉक्टर समोर असणे हे त्यामागचे एक कारण असले पाहिजे. प्राथमिक प्रतिबंध, म्हणजे रोग होण्यापूर्वीच त्याला अडवणे, ही संकल्पना विश्वासावर किती अवलंबून असते, हे या आकड्यातून दिसते.

साथ मात्र एका वर्षात संपली नाही. दर हिवाळ्यात ती परतत राहिली. 1901 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांवर उतरलेली दिसली. पुढील काही दशकांत देशभरात एक कोटीहून अधिक माणसे प्लेगने दगावली. शहराची दाटी कमी करण्यासाठी 1898 साली मुंबईत सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले आणि रुंद रस्ते व हवेशीर वस्त्या यांची आखणी सुरू झाली. आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शरीर, मन आणि समाज यांची सुस्थिती, ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने 1948 साली स्वीकारली. मांडवीच्या चाळींनी त्याची गरज अर्धशतक आधीच दाखवून दिली होती.

पालिकेचे अध्यक्षपद

व्हिएगस यांचे पालिकेतील कार्य प्लेगनंतरही चालू राहिले. 1906 साली ते मुंबई पालिकेचे अध्यक्ष झाले. त्या पदावर बसणारे ते पहिले भारतीय ख्रिस्ती गृहस्थ होते. 1933 साली त्यांचे निधन झाले. प्लेगवर खात्रीने चालणारी प्रतिजैविके त्यानंतर दशकभराने आली. आज वेळेवर निदान झाल्यास हा रोग बरा होतो; उपचार न झाल्यास गाठीच्या प्लेगचे निम्म्याहूनही अधिक रुग्ण आजही दगावू शकतात. वेळेवर या शब्दाचे वजन त्यामुळे अद्याप कमी झालेले नाही.

1897 चा तो कायदा 2020 साली कोविडच्या साथीत पुन्हा वापरला गेला, आणि गोव्यातही विलगीकरण, संपर्कशोध, लसीकरण हे शब्द घराघरांत पोहोचले. नोंद करणे, कळवणे आणि लोकांना विश्वासात घेणे ही साथीच्या काळातील कामे यंत्रांच्या युगातही माणसांनाच करावी लागली. वॉर्डात रुग्णाच्या उशाशी सर्वाधिक काळ थांबणारी परिचारिका हीच बहुधा नेहमीपेक्षा वेगळे काही घडते आहे हे प्रथम पाहते. तिने ते टिपून वरिष्ठांना वेळीच सांगणे म्हणजे, लहान प्रमाणावर, 23 सप्टेंबर 1896 रोजी हडफड्याच्या या डॉक्टरने केले तेच काम करणे होय.