मादाम क्यूरी : नियम आणि तारतम्य

रेडियमच्या शोधामुळें जगद्विख्यात झालेल्या मादाम मारी क्यूरी यांचा जन्म ता. ७ नोव्हेंबर १८६७ रोजीं पोलंडांतील वॉर्सा शहरीं झाला. तेथील विद्यापीठांत त्या काळीं स्त्रियांना प्रवेश नव्हता. म्हणून कांहीं वर्षें शिक्षिकेचें काम करून त्या १८९१ सालीं पॅरिसला गेल्या. पुढें पती पियेर यांच्यासह त्यांनीं १८९८ मध्यें पोलोनियम व रेडियम हीं मूलद्रव्यें शोधून काढलीं, आणि १९०३ व १९११ सालीं नोबेल पारितोषिकाचा मान मिळविला.

या तेजस्वी द्रव्याची दाहकता त्यांना लौकरच कळली. पियेर यांनीं मुद्दाम आपल्या बाहूवर रेडियम ठेवून पाहिलें, तों तेथें जखम झाली व ती भरून येण्यास कित्येक आठवडे लागले. परंतु या किरणांची खरी भीति निराळीच आहे. विस्तवाचा चटका तत्काळ बसतो व हात आपोआप मागें येतो. हे किरण मात्र दिसत नाहींत, जाणवत नाहींत, आणि त्यांचा परिणाम पुष्कळदां वर्षानुवर्षांनीं प्रकट होतो. जेथें इंद्रियें सावध करीत नाहींत, तेथें नियमानेंच सावध करावें लागतें.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें. सैनिकांच्या शरीरांत रुतलेल्या गोळ्या शोधण्यास क्ष-किरणयंत्रें हवीं होतीं. परंतु यंत्रें शहरांत आणि जखमी रणभूमीवर! मादाम क्यूरींनीं मोटारगाड्यांत यंत्रें बसविलीं, गाडीच्या एंजिनावर चालणाऱ्या डायनामोनें त्यांना वीज पुरविली, आणि सुमारें २० गाड्या व २०० क्ष-किरणकेंद्रें उभीं केलीं. त्या स्वतः मोटार हांकण्यास शिकल्या. १७ वर्षांची कन्या इरेन हिलाहि त्यांनीं बरोबर घेतलें. किरणांच्या भयानें थांबावें, तर जखमी दगावणार. तेव्हां तो धोका त्यांनीं पत्करला.

युद्धानंतर पॅरिसच्या रेडियम संस्थेंत त्यांनीं शिष्यांना कडक शिस्त लावली. रेडियमची नळी चिमट्यानेंच उचलावी, शिशाच्या आडोशामागें राहून काम करावें, वेळोवेळीं रक्त तपासून घ्यावें, असा दंडक होता. त्या स्वतः मात्र हे नियम फारसे पाळीत नसत. डोळ्यांत मोतीबिंदु झाला, बोटें भाजून कठीण झालीं, तरी काम चालूच! अखेर ता. ४ जुलै १९३४ रोजीं रक्तक्षयाच्या असाध्य विकारानें त्यांचें देहावसान झालें. दीर्घकाळ सोसलेले किरणच त्यास कारण झाले, असें मानलें जातें.

रणांगणावरील धाडस आणि प्रयोगशाळेंतील बेफिकिरी यांत मोठें अंतर आहे. पहिल्यामुळें दुसऱ्यांचे प्राण वांचले. चिमटा न घेतल्यानें कोणाचेंहि भलें झालें नाहीं. आजच्या किरण-संरक्षणाचें तत्त्वहि हेंच आहे: लाभावांचून किरण घेऊं नयेत, आणि लाभ असला तरी शक्य तितके कमी घ्यावेत. कर्मचाऱ्यांस ठराविक मर्यादा घालून दिलेली आहे. रुग्णाच्या बाबतींत मात्र किती किरण द्यावेत हें डॉक्टरांच्या तारतम्यावर सोपविलेलें असतें, कारण तेथें लाभ त्या रुग्णाचाच असतो.

विद्यार्थिमित्रहो, नियम बाजूस सारण्याचा मोह होईल तेव्हां मनास एवढेंच विचारावें, कीं यांत कोणाचें हित आहे, कीं हा केवळ आपला आळस आहे?