जगदीशबाबूंची घंटा

गोष्ट सुरू होते डोंबिवलीत, रात्री दीड वाजता. टेबलावर वायफाय राउटर, लॅपटॉप आणि गार झालेला चहा. कंपनीचं फर्मवेअर काढून मी राउटरमध्ये 'ओपन-डब्ल्यूआरटी' टाकत होतो. प्रोजेक्टचे सेन्सर घरच्या राउटरला जोडलेले आणि कॉलेज ठाण्यात! तेव्हा लॅबमध्ये बसूनच एसएसएचने घरच्या राउटरच्या शेलमध्ये शिरायचं, असा बेत होता. फ्लॅशिंग अर्ध्यावर आलं आणि... लाईट गेली. परत आली तेव्हा राउटरची अक्षरशः वीट झाली होती.

दोन रात्री खपून ती वीट जिवंत केली. (रिसेट दाबून धरत पॉवर द्यायची. बूटलोडर काही सेकंद टीएफटीपीने फाईल घ्यायला तयार असतो, तेवढ्यात ती द्यायची.) पुढे कळलं की घरच्या कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपीच नाही, म्हणून राउटरकडूनच बाहेर उलटा टनेल काढला. शेवटी ठाण्याच्या लॅबमध्ये स्क्रीनवर घरच्या राउटरचा प्रॉम्प्ट उमटला तेव्हा मी अक्षरशः ओरडलो!

वर्गातले आणखी तीन ग्रुप याच मॉडेलवर अडकले होते. माझा पार्टनर म्हणाला, व्हायवा होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही, आणि नंतर राउटरमागे दोनशे रुपये घ्यायचे. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं होतं. नेमकं त्याच आठवड्यात लायब्ररीत जगदीशचंद्र बसूंचं चरित्र हाती लागलं. लिहिणारे पॅट्रिक गेडिस, साल १९२०. हे गेडिस तेव्हा मुंबई विद्यापीठात प्राध्यापक होते, आणि त्याआधी आपल्या ठाण्याच्या नगररचनेवरही त्यांनी अहवाल लिहिला होता. म्हणजे माणूस अगदीच परका नाही!

बसूंचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, मैमनसिंगचा, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. वडील सरकारी अधिकारी, तरी मुलाला त्यांनी मुद्दाम बंगाली शाळेत घातलं. पुढे कोलकात्याचं सेंट झेवियर्स, मग डॉक्टर व्हायला लंडन. तिथे तब्येतीने दगा दिला, म्हणून केंब्रिजला जाऊन विज्ञान शिकले. लॉर्ड रॅली हे त्यांचे गुरू.

१८८५ मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवायला लागले. काम गोऱ्या प्राध्यापकांइतकंच, पगार मात्र त्यांच्याहून बराच कमी. बसूंनी भांडण केलं नाही. ते तीन वर्षं शिकवत राहिले आणि पगाराला हात लावला नाही! डोक्यावर वडिलांचं कर्ज, नुकतंच लग्न झालेलं. स्वस्त म्हणून घर घेतलं चंदननगरला. रोज होडीने हुगळी ओलांडून गाडी पकडायची, आणि होडी परत न्यायची पत्नी अबलाबाईंनी. आपण लोकलच्या गर्दीला शिव्या घालतो ते आठवलं. अखेर सरकार नमलं आणि मागच्या बाकीसकट पूर्ण पगार मिळाला.

प्रयोगशाळा म्हणाल तर बाथरूमशेजारची एक छोटी खोली. तिथे १८९४ पासून त्यांनी विद्युतलहरींवर काम सुरू केलं. इतरांच्या लहरी लांबलचक होत्या, यांनी त्या पाच मिलिमीटरपर्यंत खाली आणल्या. म्हणजे साठ गिगाहर्ट्झ! आपला नेहमीचा वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, त्याची लहर साडेबारा सेंटिमीटर. साठ गिगाहर्ट्झचा वायफाय यायला पुढे शंभरहून जास्त वर्षं लागली. हॉर्न अँटेनासारखं शिंगाडं त्यांनी तेव्हाच वापरलं, आणि पोलरायझर केला चक्क पिळलेल्या तागाचा.

१८९५ मध्ये कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी ते लोकांना दाखवलं. लहर निघाली, भिंतींतून आरपार गेली आणि पलीकडच्या खोलीत घंटा वाजली, बंदुकीच्या दारूचा बार उडाला. मध्ये तार नाही! ठाण्यात बसून डोंबिवलीचा राउटर रिबूट करताना माझ्या डोळ्यांसमोर तीच घंटा असते.

आता मुद्द्याची गोष्ट. १८९९ मध्ये बसूंनी लोखंड-पारा-लोखंड असा लहर पकडणारा डिटेक्टर रॉयल सोसायटीपुढे मांडला, सगळ्या तपशिलासकट. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिकपलीकडून संदेश पकडला तो पाऱ्याच्याच डिटेक्टरने. हे साम्य पुढे १९९८ मध्ये एका अभ्यासलेखात सविस्तर मांडलं गेलं. नोबेल मात्र १९०९ मध्ये मार्कोनी आणि ब्राऊन यांना. म्हणून मार्कोनी चोर, असं मी म्हणणार नाही. समुद्रापार संदेश पाठवायची जिद्द त्याची, बसूंना त्या धंद्यात रसच नव्हता. १९०१ मध्येच लंडनला एक तारकंपनीवाला पेटंटमध्ये भागीदारी करू म्हणून मागे लागला, यांनी नकार दिला. मित्रमंडळींच्या आग्रहाने एक अमेरिकन पेटंट घेतलं, ते १९०४ ला मंजूर झालं, आणि त्यातून त्यांनी पैसा केलाच नाही. हे मला थोडं खटकतं. त्या पैशात बाथरूमशेजारची खोली तरी मोठी झाली असती!

नंतर ते वनस्पतींकडे वळले. त्यांची वाढ मोजायला क्रेस्कोग्राफ बनवला. १९१७ मध्ये स्वतःच्या वाढदिवशी बसू विज्ञान मंदिर उघडलं, तिथल्या शोधांची पेटंट घ्यायची नाहीत हे धोरण ठेवून. १९२० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीहला वारले.

आणि हो, ओपन-डब्ल्यूआरटीसुद्धा असंच उघड्यावर आलेलं. २००३ मध्ये एका राउटरच्या आतल्या लिनक्सचा सोर्स कंपनीला लायसन्सपायी खुला करावा लागला, त्यातून ते उभं राहिलं. आणि तेच वापरून आम्ही दोनशे रुपये घेणार होतो.

सगळ्या स्टेप्स लिहून मी लॅबच्या बोर्डावर लावल्या. पार्टनर चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी आला, कागद वाचला आणि सर्वांत वर स्वतःच्या पेनाने लिहिलं, की आधी यूपीएस लावा.