खाशाबा आणि आमचा दादा

यंदा उन्हाळी सुट्टीत घरी गेलो तेव्हा घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. बाबांच्या नोकरीमुळे आम्ही चेन्नईच्या पेरुंगुडी भागात राहतो. मोठा दादा तिथल्याच एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. उंची सहा फूट चार इंच, कॉलेजच्या बास्केटबॉल संघात पहिल्या पाचांत. त्याला एका खासगी संघाने करार देऊ केला होता. पगार चांगला, राहण्या-जेवणाची सोय. पण सराव दुसऱ्या राज्यात, म्हणजे कॉलेज सोडावं लागणार. बाबांचं म्हणणं, आधी पदवी. दादाचं म्हणणं, पदवी चाळिशीतही मिळते, उडी मात्र विशीतच मारता येते. आई दोघांच्या मध्ये पोळ्या लाटत होती.

दादाच्या खोलीत विल्ट चेंबरलेनचं मोठं चित्र आहे. हा अमेरिकेतला सात फुटांहून उंच खेळाडू १९५८ मध्ये कॅन्सस विद्यापीठ अर्धवट सोडून बाहेर पडला. आपल्या वर्गाची पदवी होईपर्यंत कुणाला एनबीएत घ्यायचं नाही, असा तेव्हा नियम होता. म्हणून तो वर्षभर हार्लेम ग्लोबट्रॉटर्सकडून खेळला, १९५९ मध्ये एनबीएत गेला आणि २ मार्च १९६२ रोजी त्याने एकाच सामन्यात शंभर गुण केले. दादाचा सगळा युक्तिवाद या शंभर गुणांवर उभा होता. बाबांकडे त्याला उत्तर नव्हतं.

उत्तर आजोबांनी दिलं, तेही उत्तर म्हणून नाही. ते कराडहून महिनाभर राहायला आले होते. पेरुंगुडीत दिवसा उकाडा इतका की संध्याकाळशिवाय बाहेर पाऊल टाकवत नाही. त्या रिकाम्या दुपारी गॅलरीत बसून ते आम्हाला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगू लागले. शाळेत परत आल्यावर मी ती ग्रंथालयात वाचून पडताळली. ती इथे लिहितो.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, पाच भावांत खाशाबा धाकटे. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. अंगाने किरकोळ, उंची साडेपाच फुटांच्या आतबाहेर. कॉलेजच्या स्पर्धेत त्यांना उतरवायला क्रीडाशिक्षक तयार होईनात, तेव्हा ते थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले आणि परवानगी घेऊन आले. मला गोष्टीतला हा भाग सगळ्यात आवडला.

कोल्हापूर म्हणजे तालमींचं गाव. चांगल्या पैलवानाला जत्रेच्या फडात बिदागी मिळे, डोक्याला फेटा बांधला जाई. दुसरीकडे ऑलिम्पिक त्या काळी फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं. खेळावर पोट भरणाऱ्याला तिथलं दार बंद. म्हणजे दादापुढचा प्रश्न तेव्हाही होता, फक्त त्याला करार म्हणत नसत.

खाशाबा कॉलेजकडूनच खेळत राहिले. १९४८ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडन ऑलिम्पिकला गेले. तोवर सगळी मेहनत लाल मातीतली, आणि तिथे पायाखाली मॅट. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना मॅटवरच्या कुस्तीचे नियम आणि डाव शिकवले. फ्लायवेट गटात सहावा क्रमांक आला. परतल्यावर त्यांनी व्यायाम वाढवला, वजन वाढवलं आणि वरच्या गटात, बँटमवेटमध्ये आले.

पुढची अडचण आमच्याच चेन्नईतली, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमधली. तिथल्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी देऊन मागे ठेवलं, अशी खाशाबांची तक्रार होती. ते हात चोळत बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, निरंजन दासशी पुन्हा कुस्ती लागली आणि ती त्यांनी जिंकली. हे ऐकून दादा पहिल्यांदा मोबाइलमधून मान वर काढून बसला.

निवड झाली, पण हेलसिंकीला जायला पैसे कुठून आणायचे? गावाने वर्गणी काढली. तरी कमी पडलेच. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार!

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची कुस्ती लांबली आणि ते हरले. घाम पुसायच्या आत सोव्हिएत रशियाच्या रशीद ममदबेयोव्हशी लढण्यासाठी त्यांना बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्तीही हरले. इशीला सुवर्ण, ममदबेयोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं यायला १९९६ साल उजाडलं, तेव्हा लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्य मिळवलं.

कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आजोबा तेव्हा आठ वर्षांचे, वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी ती पाहिली. धुरळ्यात बैलांच्या शिंगांशिवाय फारसं काही दिसलं नाही, हेही ते प्रामाणिकपणे सांगतात.

मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः उतरले, जिंकले आणि त्या पैशातून प्राचार्यांचं गहाण पडलेलं घर सोडवून दिलं.

नोकरी मिळायला मात्र १९५५ साल उजाडलं. पोलीस खात्यात ते सब-इन्स्पेक्टर झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी चालू असताना गुडघा दुखावला आणि ऑलिम्पिक तिथेच संपलं. वय तीस. खात्यात त्यांनी पंचवीसहून अधिक वर्षं काढली, असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले आणि मग पेन्शनसाठीही त्यांना झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला २०१० मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं.

आजोबा एवढं सांगून चहा मागवून मोकळे झाले. कॉलेज सोड किंवा सोडू नको, यातलं ते काहीच म्हणाले नाहीत. मला वाटलं होतं, पदकाच्या जोरावर ते बाबांची बाजू घेतील. पण खरं तर पदकाने खाशाबांना तीन वर्षं नोकरीही दिली नव्हती, त्यामुळे बाबाही जरा गप्पच होते.

दादाच्या डोक्यात मात्र गुडघा राहिला. रात्री त्याने कराराचे कागद काढले आणि आम्ही दोघांनी ते शब्दन् शब्द वाचले. दुखापतीमुळे सलग काही आठवडे खेळता आलं नाही तर संघ करार संपवू शकतो, असं एक वाक्य अकराव्या पानावर होतं. उपचार कुणी करायचे, याबद्दल अक्षर नव्हतं. दादा बराच वेळ ते पान हातात धरून बसला. मग त्याने आजोबांना उठवून विचारलं, की खर्डेकर सरांनी घर गहाण ठेवताना खाशाबांकडून काही लिहून घेतलं होतं का. आजोबा झोपेतच हसले.

दुसऱ्या दिवशी दादाने संघाला ई-मेल पाठवला. दोनच गोष्टी मागितल्या: खेळताना झालेल्या दुखापतीचा खर्च संघाने करावा, आणि सत्राच्या परीक्षांना सोडावं. ई-मेल पाठवण्याआधी त्याने तो बाबांना वाचायला दिला. बाबांनी त्यातल्या इंग्रजीच्या दोन चुका दुरुस्त केल्या, बाकी काही बोलले नाहीत.

परवा शाळेतून घरी फोन लावला, तोवर उत्तर आलेलं नव्हतं. दादा पहाटे साडेपाचला कोर्टवर असतो आणि पावणेनऊला कॉलेजात.