संगीताचे क्रमिक पुस्तक

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. विद्यार्थी असतानाच ते सतार शिकले. १८८४ साली ते पारशी मंडळींनी चालवलेल्या गायन उत्तेजक मंडळीत जाऊ लागले. तिथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांना ध्रुपदे मिळाली. अली हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल मिळाले. पुढे ते वकील झाले. परंतु पत्नी आणि मुलगी यांच्या निधनानंतर त्यांनी वकिली सोडली व उरलेले आयुष्य संगीताला दिले.

त्या काळी गाणे गुरूच्या घरी बसून शिकावे लागे. रागात बांधलेल्या गाण्याला चीज म्हणतात. कोणाला कोणती चीज कधी द्यायची, हे उस्ताद शागिर्दाचा गळा पाहून ठरवत. घराण्याच्या खास चिजा परक्याला मिळत नसत. यात उस्तादांचा दोष कसा म्हणावा? तीच त्यांची दौलत होती. पण उस्ताद गेले की कित्येक चिजाही त्यांच्याबरोबर जात.

भातखंडे गावोगाव हिंडले. जयपूरचे मुहंमद अली खाँ यांच्या घराण्याकडून त्यांना शेकडो चिजा मिळाल्या. रामपूरला नवाब हामिद अली खाँ आणि उस्ताद वजीर खाँ यांच्यापुढे ते शागीर्द होऊन बसले. जे मिळाले ते स्वर आणि ताल यांसह त्यांनी लिहून ठेवले.

चिजा खूप जमल्या. आता वर्गातल्या तीस मुलांना आधी कोणती द्यायची? करंजाडे असो की मुंबई, शाळेचा बँड बसवणाऱ्यालाही हाच प्रश्न पडतो. धून अवघड निवडली तर दोन-तीन मुले वाजवतात आणि बाकीची नुसती उभी राहतात. फार सोपी निवडली तर जुनी मुले कंटाळतात.

भातखंडे यांनी मराठीत ‘क्रमिक पुस्तक मालिका’ लिहिली. तिचे सहा भाग आहेत. सुरुवातीला अलंकार, म्हणजे स्वरांचे पलटे येतात. मग स्वरमालिका येते. तिच्यात शब्द नसतात, फक्त तालात बांधलेले स्वर असतात. त्यामुळे मुलाचे सारे लक्ष स्वर आणि ताल यांवर राहते. लक्षणगीतात मात्र गीताचे शब्दच रागाचे नियम सांगतात. रागही पायरीने येतात. बिलावलात सगळे स्वर शुद्ध असतात. यमनात फक्त मध्यम तीव्र असतो. असे मुख्य राग आधी आहेत. भूप, बिहाग, मालकंस तिसऱ्या भागात येतात. क्वचित ऐकू येणारे राग शेवटच्या दोन भागांत आहेत.

हा क्रम सर्वांना पटतो असे नाही. भूपात पाचच स्वर असतात, म्हणून आज अनेक शिक्षक तो राग आधी घेतात. मलाही तेच बरे वाटते. कागदावर मींड आणि गमक पुरती उतरत नाही, हा आक्षेपही खराच आहे. त्यासाठी समोर उस्ताद लागतोच.

भातखंडे यांनाही हे ठाऊक असावे. १९१८ साली ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय निघाले, तेव्हा तिथल्या गायकांना त्यांनी आपली पद्धत स्वतः शिकवली. १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झाले. तिथे तबल्यासाठी उस्ताद आबिद हुसेन खाँ होते.

१९३३ साली भातखंडे यांना पक्षाघात झाला. १९ सप्टेंबर १९३६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. लखनौच्या कॉलेजला पुढे त्यांचे नाव दिले गेले. आज ते विद्यापीठ आहे. क्रमिक पुस्तकांचे हिंदी रूप संगीताच्या वर्गांत अजूनही वापरले जाते.