पाच टक्क्यांचा मालक : कार्ल बेंझ

आय.सी. इंजिनच्या व्हायवाला एक्स्टर्नलचा मूड चांगला असेल तर एक सोपा प्रश्न हमखास येतो. पहिली मोटारगाडी कोणी बनवली? कार्ल बेंझ, 1886, असं सांगून आपण मोकळे होतो. बेंझची बायको मुलांना घेऊन, त्याला न सांगताच गाडी घेऊन माहेरी गेली होती, ही गोष्टसुद्धा बऱ्याच जणांना माहीत असते. पण गाडीचं पेटंट मिळायच्या तीनच वर्षं आधी ह्या माणसाने स्वतः उभी केलेली फॅक्टरी सोडून दिली होती. कारण इंजिन फेल गेलं असं नाही. इंजिन छान चालत होतं. कारण होतं कंपनीचे कागद.

इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या पेपरला आपण सोल प्रोप्रायटरशिप, पार्टनरशिप आणि जॉइंट स्टॉक कंपनी यांचे फायदे-तोटे आठ मार्कांसाठी पाठ करतो आणि परीक्षा संपली की विसरतो. बेंझने हे तिन्ही प्रकार स्वतःच्या आयुष्यात करून पाहिले, तेही नोट्समध्ये असतात त्या क्रमाने नाही. म्हणून त्याचं चरित्र या बाजूने लिहावंसं वाटलं.

कार्लचा जन्म 25 नोव्हेंबर 1844 चा, जर्मनीतल्या कार्ल्सरुहजवळच्या म्युलबुर्गचा. वडील रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. कार्ल दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा ते न्यूमोनियाने गेले. घरात पैसा नाही, पण आईने हट्टाने मुलाला शिकवलं. 1864 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो कार्ल्सरुहच्या पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडला. (आपण त्या वयात एम-थ्रीची केटी सोडवत असतो.) मग सात वर्षं इकडे तिकडे नोकऱ्या केल्या. एका मशीन फॅक्टरीत, वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून, पूल बांधणाऱ्या कंपनीत. कुठेच फार रमला नाही.

1871 मध्ये त्याने ऑगस्ट रिटर नावाच्या मेकॅनिकबरोबर मानहाइम शहरात फाउंड्री आणि वर्कशॉप काढलं. म्हणजे सुरुवातच पार्टनरशिपने. पण रिटर भरवशाचा निघाला नाही. तेव्हा कार्लचं लग्न बर्था रिंगरशी ठरलं होतं. बर्थाने आपल्याला मिळणारा हुंडा लग्नाआधीच बापाकडून मागून घेतला आणि त्या पैशातून रिटरचा हिस्सा विकत घेऊन त्याला बाहेर काढलं! लग्न झालं त्यानंतर, जुलै 1872 मध्ये. हुंड्याच्या इतक्या गोष्टी आपण ऐकतो, पण हुंड्यातून पार्टनर बाहेर काढल्याची मी तरी ही एकच वाचली.

आता वर्कशॉपचा मालक एकटा कार्ल. ह्यालाच सोल प्रोप्रायटर म्हणायचं. कायद्याच्या दृष्टीने इथे धंदा आणि माणूस वेगळे नसतात. फायदा झाला तर सगळा त्याचा, आणि कर्ज झालं तर तेही सगळं त्याचंच. वर्कशॉपचं देणं थकलं तर देणेकरी घरापर्यंत येऊ शकतो. आणि तो आलाच. 1873 मध्ये युरोपात शेअर बाजार कोसळला, जर्मनीत बांधकामं थांबली आणि बेंझचं लोखंडी सामान कोणी घेईना. एकदा तर जप्तीची वेळ आली. घरात लहान मुलं, डोक्यावर कर्ज, आणि हा माणूस रात्री बसून इंजिनाची ड्रॉइंग्ज काढतोय.

इंजिनसुद्धा टू-स्ट्रोक का, तर फोर-स्ट्रोकचं पेटंट ऑटोच्या कंपनीकडे होतं. 1879 च्या 31 डिसेंबरला संध्याकाळी ते इंजिन पहिल्यांदा नीट सुरू झालं. सगळं शहर नवीन वर्षाच्या तयारीत होतं आणि नवरा-बायको दोघंच वर्कशॉपमध्ये इंजिनाचा आवाज ऐकत उभे होते.

इथून पुढे खरा प्रॉब्लेम सुरू झाला. एक इंजिन हाताने घासून-पुसून बनवणं वेगळं आणि पन्नास इंजिनं बनवून विकणं वेगळं. मशीन टूल्स पाहिजेत, कास्टिंगसाठी आगाऊ पैसे पाहिजेत, गिऱ्हाइकाकडून पैसे येईपर्यंत कामगारांचा पगार पाहिजे. एमिल ब्यूलर नावाच्या फोटोग्राफरने पैसे घातले. त्याचा भाऊ चीजचा व्यापारी, तोही आला. तरी पुरेना. बँका म्हणाल्या, आणखी पैसे हवे असतील तर रीतसर कंपनी करा. 1882 मध्ये वर्कशॉपची शेअर कंपनी झाली. नाव पडलं गॅसमोटोरेन-फाब्रिक मानहाइम.

एक खुलासा करतो. लहानपणी दुकानाच्या पाटीवर प्रा. लि. वाचलं की मला वाटायचं, ह्यांचा धंदा लिमिटेड म्हणजे छोटा असेल. लिमिटेड असते ती जबाबदारी. कंपनी बुडाली तर शेअरमध्ये घातलेले पैसे जातात, घर जात नाही. बदल्यात कंपनी ही कायद्याने एक वेगळी व्यक्ती होते. लेथ तिचा, फाउंड्री तिची, बँकेतले पैसेही तिचे. आणि आज आपल्याकडे दोन मित्र मिळून जशी छोटी प्रायव्हेट लिमिटेड काढतात तशी सोय जर्मनीत तेव्हा नव्हतीच. तिथे छोट्यांसाठीचा लिमिटेड कंपनीचा कायदा 1892 मध्ये आला, म्हणजे बेंझला दहा वर्षं उशिरा. 1882 मध्ये जबाबदारी मर्यादित करून स्वतः धंदा चालवायचा तर मोठ्या उद्योगांसाठी बनवलेला अंगरखाच घालावा लागे. नोटरीसमोर करारनामा, संचालक मंडळ, त्याच्यावर देखरेख मंडळ, दरवर्षी ताळेबंद. वकील आला, हिशेबनीस आला, त्यांचे पगार आणि फिया आल्या. जो माणूस काल खिशातल्या वहीवर हिशेब ठेवत होता त्याला हा खर्च काय वाटला असेल याची कल्पना करा. आपल्यातले जे सिनियर पास होऊन कंपनी काढतात त्यांचीही पहिली कुरकुर सी.ए.च्या फीबद्दलच असते.

पण फी ही त्यातली किरकोळ गोष्ट होती. शेअर वाटून झाल्यावर कार्लच्या वाट्याला आले पाच टक्के, आणि जोडीला एक साधं डायरेक्टरचं पद. इंजिन त्याचं, फाउंड्री त्याची, नऊ वर्षं जप्तीच्या भीतीत काढली ती त्याने आणि बर्थाने, पण मत पाच टक्के. डिझाइनच्या बाबतीतही त्याचं कोणी ऐकेना. जे इंजिन विकलं जातंय तेच बनवावं असं बाकीच्यांचं म्हणणं, आणि ह्याच्या डोक्यात स्वतःच्या इंजिनावर चालणारी गाडी.

खरं सांगायचं तर मला ब्यूलर मंडळी अगदीच व्हिलन वाटत नाहीत. पैसे त्यांचे लागले होते. 1882 मध्ये घोड्याशिवाय चालणाऱ्या गाडीला एकही गिऱ्हाईक नव्हतं. आज बँकेतला कोणताही शहाणा माणूस तेच म्हणेल. चूक झाली असेल तर ती कार्लचीच, पैशाच्या घाईत करारावर सही करताना पुढे कोणाचं चालणार हे त्याने पाहिलं नाही. वर्षाच्या आतच, 1883 मध्ये, तो कंपनीतून बाहेर पडला. ड्रॉइंग्ज डोक्यात होती, पण वर्कशॉप आता कंपनीचं होतं.

वय अडतीस, घरात चार मुलं. दुसरा कोणी असता तर गुपचूप नोकरी धरली असती. पण कार्लला सायकलींचा नाद होता. त्या नादातून त्याची सायकलच्या दुकानवाल्या दोघांशी ओळख होती, माक्स रोझ आणि फ्रिडरिश एस्लिंगर. त्याच वर्षी तिघांनी मिळून बेंझ अँड कंपनी काढली. आणि ही शेअर कंपनी नव्हती, साधी पार्टनरशिप होती. धंदा बुडाला तर तिघांच्याही घरादारावर येणार. आपल्या नोट्समध्ये बाण नेहमी एकाच दिशेने जातो, प्रोप्रायटरशिपकडून कंपनीकडे. बेंझ उलटा आला. मर्यादित जबाबदारी सोडून त्याने पुन्हा अमर्याद जबाबदारी घेतली, कारण इथे तीन माणसांत त्याचा शब्द चालत होता.

एका जागी बसवायची इंजिनं चांगली खपू लागली आणि त्या पैशावर कार्लने गाडीचं काम सुरू केलं. तीन चाकं, एक सिलिंडर, 954 सी.सी., 400 आर.पी.एम., आणि पॉवर 0.75 हॉर्सपॉवरच्या आसपास. म्हणजे घरच्या मोठ्या मिक्सरपेक्षाही कमी! 29 जानेवारी 1886 ला पेटंट दाखल केलं, नंबर 37435. रोझ आणि एस्लिंगर यांना गाडीची धास्तीच वाटायची, पण त्यांनी अडवलं नाही.

गाडी विकली मात्र जात नव्हती. ऑगस्ट 1888 मध्ये बर्था आणि मोठी दोन मुलं, ऑयगेन आणि रिशार्ड, पहाटे निघाले आणि मानहाइमहून फोर्झहाइमला पोहोचले. शंभर किलोमीटरच्या वर अंतर. वाटेत वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, चोक झालेली नळी टोपीच्या पिनने साफ केली. ही गोष्ट सगळीकडे शूर बायकोची म्हणून सांगतात. ती आहेच. पण ह्या धंद्यात सर्वात आधी स्वतःचे पैसे घालणारी बर्थाच होती, हे लक्षात ठेवलं तर ती पहाटे का निघाली ते जास्त पटतं.

1890 मध्ये रोझ आणि एस्लिंगर बाहेर पडले. त्यांच्या जागी फ्रिडरिश फॉन फिशर आणि युलियस गान्स आले. फिशरने कारभार बघायचा, गान्सने विक्री, कार्लने फक्त डिझाइन. ही व्यवस्था जमली. 1890 मध्ये पन्नासच्या आसपास कामगार होते ते 1899 पर्यंत 430 झाले. 1894 च्या व्हेलो मॉडेलने नाव झालं आणि 1899 साली कारखान्यातून 572 गाड्या बाहेर पडल्या. जगात तेव्हा ह्याहून मोठा मोटारींचा कारखाना नव्हता.

एवढा पसारा पार्टनरशिपवर चालत नाही. 1899 मध्ये बेंझ अँड कंपनी परत शेअर कंपनी झाली, भांडवल तीस लाख मार्क. कार्ल आता पंचावन्नाचा, जगप्रसिद्ध. ह्या वेळी तरी वेगळं घडेल असं वाटतं ना? 1901 मध्ये डाइमलर कंपनीची मर्सिडीज आली. लांब, बुटकी, वेगवान. बेंझच्या गाड्या तिच्यापुढे म्हाताऱ्या दिसायला लागल्या. 1900 मध्ये 603 गाड्या खपल्या होत्या, 1901 मध्ये 385. कार्लला वेगाची ओढ नव्हती, गाडी टिकाऊ आणि सेफ पाहिजे एवढंच त्याचं म्हणणं. गान्सने त्याला डावलून मारियुस बार्बारू नावाच्या फ्रेंच डिझायनरला माणसांसकट बोलावलं. आणि जानेवारी 1903 मध्ये, वीस वर्षांनी, कार्ल बेंझ परत एकदा स्वतःच्या नावाच्या कारखान्यातून बाहेर पडला.

तिकडे डाइमलरचं काय झालं होतं? तेच! गॉटलिब डाइमलरच्या वर्कशॉपची 1890 मध्ये शेअर कंपनी झाली आणि पैसेवाल्या भागीदारांशी न पटल्यामुळे 1894 पर्यंत त्याला आपले शेअर आणि पेटंटचे हक्क 66,666 मार्कांना सोडून द्यावे लागले. पुढच्या वर्षी त्याला परत बोलवावं लागलं ते वेगळं. दोघांची गावं फार लांब नव्हती, नशीबही सारखं, पण ते एकमेकांना कधी भेटले नाहीत असं म्हणतात.

बेंझला पुढे कंपनीने देखरेख मंडळावर घेतलं आणि तो शेवटपर्यंत तिथे राहिला. पण हाताला काम पाहिजे होतं. 1906 मध्ये त्याने जवळच्या लाडेनबुर्ग गावात मुलाला घेऊन तिसरा कारखाना काढला, सी. बेंझ झ्योने, म्हणजे सी. बेंझ आणि मुलं. बाहेरचा भागधारक एकही नाही. फोटोग्राफर नाही, चीजवाला नाही, विक्रीचा मॅनेजर नाही. 1912 मध्ये तो स्वतःही बाजूला झाला आणि कारखाना मुलांच्या हवाली केला. बाहेरचं भांडवल नाही त्यामुळे कारखाना मोठा कधीच झाला नाही. सगळ्या वर्षांत मिळून साडेतीनशेच्या आतबाहेर गाड्या निघाल्या असतील, आणि 1920 च्या दशकात गाड्या बनवणं बंद झालं.

त्याच काळात मोठ्या कंपनीलाही एकटीने तग धरणं जड जात होतं. जून 1926 मध्ये बेंझ आणि डाइमलर या दोन कंपन्या एक झाल्या. डाइमलर 1900 मध्येच वारला होता. कार्ल 81 वर्षांचा होता आणि नव्या कंपनीच्या देखरेख मंडळावरही त्याचं नाव होतं.

4 एप्रिल 1929 ला लाडेनबुर्गच्या घरी कार्ल गेला. बर्था त्यानंतर पंधरा वर्षं जगली. लाडेनबुर्गच्या त्या छोट्या कारखान्याच्या इमारतीत आता मोटारींचं म्युझियम आहे.