कारुसो आणि त्याचे नेपल्स

पश्चिमेकडील ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा थोरला चुलतभाऊ म्हणावा. फरक इतकाच की, तेथे गद्य संभाषण सहसा नसते. रुसणे, भांडणे, मरणे सारे गाऊनच व्हावयाचे. या रंगभूमीवरचा सर्वांत लाडका गळा कोणाचा, असे विचारले तर अजूनही बहुतेकांच्या ओठी एकच नाव येते : एन्रिको कारुसो. त्याला जाऊन शंभरांहून अधिक वर्षे लोटली. पण त्याच्या गाण्याइतकीच त्याच्या मरणाची हकीकत मला विचार करावयास लावते.

२५ फेब्रुवारी १८७३ रोजी इटलीतील नेपल्स शहरी, एका यंत्रकामगाराच्या घरी तो जन्मला. घरची गरिबी, पंधराव्या वर्षी आई गेली. बापाप्रमाणे पोरानेही कारखान्यात खपावे असा घरचा बेत, पण पोराचे चित्त गाण्यात. वर्जिने नावाच्या गुरूकडे तो गेला, तेव्हा आरंभी गुरूला हा गळा मुळीच पसंत पडला नाही. मागाहून मात्र त्याने पाच वर्षांच्या कमाईचा चौथा हिस्सा लिहून घेतला, आणि ती पाच वर्षे मोजावयाची प्रत्यक्ष गायनाच्या दिवसांची! प्रकरण पुढे कोर्टापर्यंत गेले. मी स्वतः गाणे शिकवून पोट भरणारा. गुरुदक्षिणेचा हा हिशेब वाचून मला हसू आले, आणि थोडी लाजही वाटली.

१८९५ साली नेपल्समध्येच तो प्रथम रंगभूमीवर उभा राहिला. त्या दिवसांत त्याचे वरचे स्वर फुटत. आवाज त्याला जन्मजात मिळाला खरा, पण तो घडविला त्याने मेहनतीने. १८९८ साली मिलान येथे ‘फेदोरा’ या ऑपेरात त्याचे नाव झाले. १९०० च्या अखेरीस ला स्काला या मानाच्या नाट्यगृहात तो गायला. मग ३० डिसेंबर १९०१ रोजी तो आपल्या गावी, सान कार्लो नाट्यगृहात, गावयास आला.

गावाने त्याचे थंडपणाने स्वागत केले. तेथील जाणकारांचे म्हणून काही कंपू असत. नव्या गवयाने आधी त्यांच्या घरी जाऊन मुजरा करावा असा रिवाज. कारुसोने तो पाळला नाही, असे चरित्रकार सांगतात. दरबारी गवयाच्या घरात वाढल्यामुळे मला हा प्रकार परका वाटत नाही. पहिल्या रांगेतील दोनचार माना डोलल्याशिवाय मागच्या रांगा वाहवा द्यावयास धजत नसत, हे मी घरात पुष्कळ ऐकले आहे. कारुसोने ठरलेले प्रयोग पुरे केले आणि मनाशी गाठ बांधली : नेपल्सला यावयाचे ते आवडीचे जेवावयास आणि आप्तांस भेटावयास, गावयास कधी नाही. ती गाठ त्याने सोडली नाही.

त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १९०२ मध्ये, मिलानच्या एका हॉटेलातील खोलीत फ्रेड गेसबर्ग याने त्याच्या दहा तबकड्या भरल्या. बिदागी शंभर पौंड. हाच गेसबर्ग त्याच वर्षी कलकत्त्यास आला आणि नोव्हेंबरात गौहर जान यांचे गाणे त्याने भरून घेतले. आपल्या आणि त्यांच्या गाण्याचे नशीब असे एकाच माणसाच्या पेटीत बंद झाले.

२३ नोव्हेंबर १९०३ रोजी कारुसो न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटनमध्ये प्रथम गायला आणि तेथलाच झाला. आठशेंवर प्रयोग त्याने तेथे केले. फावल्या वेळात तो लोकांची गमतीदार चित्रे काढी. ११ डिसेंबर १९२० रोजी ब्रुकलिन येथे गाताना त्याच्या तोंडून रक्त येऊ लागले. विंगेतून रुमालामागून रुमाल त्याच्या हाती दिले जात होते, तरी तो गातच होता. अखेर प्रेक्षकांनाच ते पाहवेना आणि खेळ थांबला. २४ डिसेंबरला तो शेवटचा गायला. मग फुप्फुसाभोवती पू होऊन शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. १९२१ च्या उन्हाळ्यात पत्नी डोरोथी आणि लहानग्या ग्लोरियासह तो इटलीस परतला. पुढील उपचारांसाठी रोमला नेताना वाटेत नेपल्सच्या हॉटेलात मुक्काम पडला. तेथेच २ ऑगस्ट १९२१ रोजी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्याने प्राण सोडला.

राजघराण्यासाठी राखलेले सान फ्रांचेस्को दी पाओला हे देवालय राजाने त्याच्या अंत्यविधीसाठी मोकळे केले. हजारो लोक रस्त्यांत दाटले. वीस वर्षांपूर्वी ज्या सान कार्लोत त्याचा मान राहिला नव्हता, ते त्या देवालयापासून चार पावलांवर आहे. फेर्नांदो दे लुचिया हा नेपल्सचाच वयोवृद्ध गायक, रंगभूमी सोडून बसलेला. तो त्या दिवशी आपल्या धाकट्या गाववाल्यासाठी गायला. पुढे कैक वर्षे कारुसोचा देह काचेच्या झाकणाखाली ठेवला होता आणि लोक रांगा लावून दर्शन घेत. शेवटी पत्नीने विनवून ती शवपेटी झाकविली.

आपल्या बडोद्यात जन्मलेले भाऊराव कोल्हटकर १९०१ साली, चाळिशीही न गाठता गेले. कलकत्त्यास तबकड्या भरल्या त्याच्या आदल्याच वर्षी. त्यांचा गळा कसा होता हे सांगणारेही आता उरले नाहीत. कारुसोचा गळा मात्र आजही खरखरत्या तबकडीतून निघतो आणि खोली भरून टाकतो. मग नेपल्सचे लोक कशासाठी रडले? आवाज तर त्यांच्यापाशी होता. मला वाटते, त्यांच्यापाशी नव्हती ती गेली वीस वर्षे. जगातील मोठमोठ्या शहरांनी त्याला समोर बसून ऐकले, त्याच्या चुका पाहिल्या, त्याच्या रुमालावरचे रक्त पाहिले. त्याच्या गाववाल्यांना मात्र तबकडीवरच भागवावे लागले. शिष्यांना मी ही हकीकत सांगतो, ती गळ्यासाठी नव्हे. मैफलीत मागच्या रांगेत बसणाऱ्याने पुढच्या रांगेच्या मानेकडे न पाहता आपली दाद द्यावी, एवढ्यासाठी सांगतो.